नेरडीगोंड्याची हेराल्ड

आमच्या बीदरच्या घरासमोर, कडुनिंबाच्या सावलीत, सध्या एक निळी-पांढरी छोटी गाडी उभी असते. येणारा-जाणारा थांबतो आणि ठरलेले तीन प्रश्न विचारतो. केवढ्याला पडली? ॲव्हरेज किती देते? आणि तिसरा, जरा आवाज उतरवून, "पण सर, कशाला घेतली?" पहिल्या दोन प्रश्नांची उत्तरे मी लगेच देतो. तिसऱ्याचे उत्तर दारात उभे राहून देण्यासारखे नाही, म्हणून ते इथे लिहितो आहे.

गाडीचे नाव स्टँडर्ड हेराल्ड. साठीच्या आसपासच्या वाचकांना हे नाव ऐकताच काहीतरी आठवेल. त्या काळी आपल्याकडे रस्त्यावर मुख्यतः तीनच मोटारी दिसत. पुढाऱ्यांची आणि कलेक्टरची ॲम्बॅसडर, शहरातल्या लोकांची फियाट आणि एखाद्या हौशी डॉक्टरची किंवा कंत्राटदाराची हेराल्ड. ॲम्बॅसडर म्हणजे मूळची विलायतेची मॉरिस ऑक्सफर्ड, फियाट इटलीची आणि हेराल्ड इंग्लंडमधल्या कॉव्हेंट्रीची. तिथे ती ट्रायम्फ हेराल्ड या नावाने एप्रिल १९५९ मध्ये बाजारात आली. रूप दिले होते जोव्हानी मिकेलोत्ती या इटालियन माणसाने. १९६१ पासून मद्रासजवळच्या कारखान्यात स्टँडर्ड मोटर प्रॉडक्ट्स ऑफ इंडिया ही कंपनी तीच गाडी स्टँडर्ड हेराल्ड म्हणून काढू लागली. आधी तिला दोनच दारे होती. पण आपल्याकडे मागे सासू-सासरे बसणार, त्यांनी पुढची सीट वाकवून मागे कसे शिरायचे? म्हणून पुढे मद्रासकरांनी चार दारांची हेराल्ड काढली. ही चार दारांची हेराल्ड इंग्लंडमध्ये कधी विकलीच गेली नाही. माझी गाडी त्याच जातीची, १९६९ सालची. तेव्हा तिला विलायती म्हणावे की मद्रासी, हे मला अजून ठरवता आलेले नाही. घरात दोन भाषा बोलणाऱ्या माणसाला हा प्रश्न फारसा छळत नाही.

अप्पांची चार वर्षे

माझे वडील, आम्ही त्यांना अप्पा म्हणतो, १९७० ते १९७४ या काळात आदिलाबाद जिल्ह्यातल्या नेरडीगोंडा या गावी ड्रायव्हर होते. सागवानाचा व्यापार करणाऱ्या एका कंत्राटदाराकडे. बीदरचा पोरगा तिकडे कसा गेला, असे आज कुणी विचारील. पण तेव्हाच्या माणसाला ते लांब वाटत नव्हते. १९५६ पर्यंत बीदर, नांदेड, आदिलाबाद, गुलबर्गा ही सगळी एकाच हैदराबाद संस्थानातली गावे. उदगीर, निलंगा, अहमदपूर बीदर जिल्ह्यात होते आणि किनवट, राजुरा आदिलाबादेत. राज्ये वेगळी झाली, पण नातीगोती, बाजार आणि कामधंद्याच्या वाटा लगेच बदलल्या नाहीत. अप्पांचे एक मामा निर्मलला होते, त्यांच्या ओळखीने काम मिळाले.

लहानपणी मी अप्पांना हेराल्डबद्दल खूप विचारीत असे. ते गाडीबद्दल बोलत आणि नेरडीगोंड्याचा विषय निघाला की गप्प होत. "तिचं बॉनेट मगरीच्या जबड्यागत पुढं उघडतं," असे ते हाताने दाखवीत. "आणि वळण! बैलगाडीला वळायला लागते त्याहून कमी जागेत वळायची." मी मात्र मनाशी ठरवून टाकले की, अप्पांना त्या गाडीची ओढ आहे. मुले आपल्या आईबापांविषयी असे काहीबाही ठरवून टाकतात आणि पुढे चाळीस वर्षे तपासून पाहत नाहीत.

माझा एक जुना विद्यार्थी त्या भागातल्या बँकेत नोकरीला लागला. २०२२ च्या दिवाळीत तो घरी आला आणि म्हणाला, "सर, नेरडीगोंड्यात एका वाड्याच्या शेडमध्ये हेराल्ड पडून आहे. विकायची म्हणतात." त्या गावात किती हेराल्ड असणार? त्या रात्री मला झोप आली नाही.

आमच्या घरी गाडीची बातमी फुटली ती अशी. आमच्या मंडळी माहेरच्या भालकीच्या, त्यांची भाषा कन्नड. रागावल्या की शुद्ध कन्नड. "याक बेकरी ई हळे गाडी? मनी सोरतद!" म्हणजे, घर गळतंय आणि तुम्हाला जुनी गाडी कशाला हवी? बोलणे खरे होते. त्या पावसाळ्यात आमच्या माजघरात तीन पातेली ठेवावी लागली होती. शेवटी तह झाला. आधी गच्ची, मग गाडी. गच्चीला डांबरी थर बसला, वर फरशी आली आणि मग माझ्या हातात जे उरले ते घेऊन मी जानेवारी २०२३ मध्ये नेरडीगोंड्याला निघालो. अप्पांना सांगितले नाही. त्यांना चकित करायचे होते.

शेडमधली गाडी

नेरडीगोंडा हे निर्मल आणि आदिलाबाद यांच्या मधले मंडलाचे गाव. श्रीनगर-कन्याकुमारी महामार्ग त्याला लागूनच जातो. जुना सात नंबरचा रस्ता, आता त्याला चव्वेचाळीस म्हणतात. चार पदरी रस्त्यावरून ट्रक भन्नाट जातात, जवळच रोलमामड्याचा टोलनाका आहे. पण रस्ता सोडून दोन किलोमीटर आत गेलात की कापसाची नि सोयाबीनची शेते, त्यामागे सागाचे डोंगर आणि गोंडांचे नि लंबाड्यांचे पाडे. चहाच्या टपरीवर तेलुगू, मराठी, गोंडी, बंजारा आणि दखनी या पाचही भाषा एका बाकावर बसलेल्या. कन्नड बोलणाऱ्याला तिथली तेलुगू तशी अर्धी कळतेच. जांभळाला तेलुगूत नेरेडू म्हणतात, आपल्या कन्नडमध्ये नेरळे. गावाच्या नावात जांभूळच असणार, असे आमच्या हिने नाव ऐकताक्षणी जाहीर केले होते.

माझ्याबरोबर बीदरचे एक जुने मिस्त्री होते, वय सत्तरच्या घरात. सगळे त्यांना चाचा म्हणतात. शेडचे दार उघडले. कोंबड्या बाहेर आल्या आणि मागे धुळीखाली ती उभी. चारही टायर बसलेले. दोन्ही दिव्यांवर भुवयांसारखी पत्र्याची पट्टी, त्यामुळे ती जरा रुसल्यासारखी दिसत होती. चाचांनी दोन्ही बाजूंच्या खिट्ट्या काढल्या आणि अख्खे तोंड पुढे उघडले, बॉनेट आणि मडगार्ड सगळे एकसंध. इंजिन, स्टिअरिंग, पुढची चाके सारे उघड्यावर. मिस्त्रीला मडगार्डावर ओणवे व्हायला नको, टायरवर बसून काम करता येते. इंजिन ९४८ सीसीचे, म्हणजे आजच्या लहानशा गाडीएवढेच.

मग चाचा गाडीखाली गेले. बराच वेळ नुसता टकटक आवाज. बाहेर येऊन म्हणाले, "सर, इंजन में दम है. पन नीचे जमीनच नै." फरशीचा पत्रा गंजून गेला होता. पायाखालून शेडची माती दिसत होती. हेराल्डची एक सोय अशी की तिला खाली वेगळी लोखंडी चासी आहे. पत्रा गेला तरी हाडे शाबूत राहू शकतात. आजच्या बहुतेक मोटारींत पत्रा हीच चासी असते. तो गेला की गाडी गेली. चाचांनी चासीवर हातोडी मारून मारून पाहिली. दोन ठिकाणी ठिगळ लागेल, बाकी ठीक, असा निकाल दिला.

मालक माझ्याच वयाचा, सभ्य माणूस. ज्यांच्याकडे अप्पा कामाला होते त्यांचा हा नातू. आजोबा जाऊन बरीच वर्षे झाली म्हणाला. चहा दिला, मराठीतच बोलला. भाव मात्र सोडला नाही. एक लाख दहा हजारांना सौदा ठरला. मी कुणाचा मुलगा, हे मी त्याला सांगितले नाही. का सांगितले नाही ते तेव्हा मलाही कळले नाही. बहुधा ड्रायव्हरचा मुलगा मालकाची गाडी विकत घेतो आहे, याचा एक छोटासा आनंद मला एकट्यालाच हवा होता. आता लिहिताना त्याची लाज वाटते.

कागदपत्रांची मुदत कधीच संपलेली होती. त्यामुळे गाडी चालवत आणणे शक्य नव्हते आणि योग्यही नव्हते. टेम्पोवर चढवून दोर बांधून आणली.

अप्पा काय म्हणाले

दुसऱ्या दिवशी सकाळी टेम्पो दारात आला. अप्पा ओट्यावर पेपर वाचत होते. त्यांनी चष्मा काढला, गाडीकडे पाहिले, नंबर वाचला. मी हसत उभा. ते म्हणाले, "कशाला आनलास बाबा हे लोढणं?" आणि आत निघून गेले. त्या दिवशी जेवलेही नाहीत.

खरी हकिगत मला तेव्हा, वयाच्या चव्वेचाळिसाव्या वर्षी, कळली. आठ दिवसांनी रात्री अप्पांनीच सांगितली. १९७४ साली तेलाचे भाव भडकले होते. १९७३ च्या अरब-इस्रायल युद्धानंतर जगभर पेट्रोल महागले, आपल्याकडेही. मालकाने हिशेब काढला की किलोमीटर आणि पेट्रोल जुळत नाही. कंपनी सांगते इतके, ही गाडी पिते तितके, मधले कुठे जाते? अप्पा सांगत राहिले की घाटात आणि जंगलाच्या रस्त्याला जास्त लागते. ऐकले नाही. चारचौघांत "पेट्रोल विकतो" म्हटले. अप्पांनी किल्ली ओसरीवर ठेवली आणि दोन महिन्यांचा पगार न मागता बसने निघून आले. त्यानंतर त्यांनी आयुष्यभर ट्रक चालवला, एस.टी.त प्रयत्न केला, पण कुणा खासगी मालकाची मोटार पुन्हा चालवली नाही.

"गाडीचा काय दोष?" मी म्हणालो.

"मी कुठं म्हणालो गाडीचा दोष?" ते म्हणाले आणि झोपायला गेले.

मी गाडी विकून टाकायचे ठरवले. पण गंजलेल्या फरशीची गाडी कोण घेणार? चाचा म्हणाले, आधी उभी तर करू. अशा रीतीने, विकण्यासाठी म्हणून, तिची दुरुस्ती सुरू झाली.

ठिगळ, रबर आणि कागद

ज्यांना जुनी गाडी घ्यायची हौस आहे त्यांच्यासाठी हा भाग जरा सविस्तर लिहितो.

पहिली गोष्ट, रंग पाहू नका, खाली पाहा. फरशी, दाराखालच्या पट्ट्या आणि चासीचे मागचे टोक. इंजिनाचे काम कुठलाही चांगला मिस्त्री करील, गंज मात्र पैसे खातो. आमच्या गाडीच्या पत्र्याला आणि वेल्डिंगला इंजिनाच्या दुप्पट खर्च आला.

दुसरी, पुढच्या चाकांच्या सांध्यातला पितळी भाग. इंग्रजीत त्याला ट्रनियन म्हणतात. त्यात ग्रीस नव्हे, गिअरचे घट्ट ऑईल भरावे लागते. ग्रीस भरले तर आत नीट पोचत नाही, पीळ कोरडा पडतो, पाणी शिरून गंजतो आणि एक दिवस चाक आडवे होते. चाचांना हे ठाऊक होते, बऱ्याच जणांना नसते.

तिसरी, मागची चाके. हेराल्डची मागची दोन्ही चाके स्वतंत्र हलतात, मध्ये एकच आडवा पाटा. खड्ड्यात हे सुखाचे, पण वळणावर वेगात असताना एकदम पाय काढला तर आतल्या बाजूला चाक दुमडल्यासारखे होते आणि गाडी मागून घसरते. पुढे १९७२ पासून आलेल्या गॅझेलला मद्रासकरांनी मागे सरळ एकसंध ॲक्सल बसवला, त्याला हेही एक कारण म्हणतात. ती गॅझेल १९७७ पर्यंत निघाली.

चौथी, पेट्रोल. आता पंपावर वीस टक्क्यांपर्यंत इथेनॉल मिसळलेले पेट्रोल मिळते. जुन्या रबरी नळ्या, पडदे आणि वॉशर त्याने फुगतात नि चिरतात. आम्ही पेट्रोलचे सगळे रबर बदलून नव्या जातीचे घातले. सुटे भाग चेन्नईच्या जुन्या दुकानांतून मिळाले, काही इंग्लंडहून मागवले. तिकडे ट्रायम्फ स्पिटफायर नावाची दोन आसनी गाडी याच हेराल्डच्या चासीवरून बेतली होती. तिचे हौशी पुष्कळ, त्यामुळे भाग अजून बनतात. त्यावर कस्टमची ड्युटी पडते, ती धरून हिशेब करावा.

पाचवी आणि सर्वांत दमवणारी गोष्ट, कागद. परराज्यातली गाडी म्हटल्यावर तिकडची नोंदणी जिवंत करणे, ना-हरकत दाखला, मालकी बदलाचे अर्ज, मग कर्नाटकात नवा नंबर, कर, हरित कर. एका कचेरीत मला सांगितले की अशी गाडी संगणकाच्या यादीतच नाही, तेव्हा ती अस्तित्वात नाही. मी म्हणालो, "साहेब, ती खाली उभी आहे." २०२१ मध्ये केंद्राने पन्नास वर्षांवरच्या मूळ स्वरूपातल्या गाड्यांसाठी व्हिंटेज नोंदणीचा नियम आणला. शुल्क वीस हजार, मुदत दहा वर्षे आणि नंबरात व्हीए ही अक्षरे. ऐकायला छान. पण अशी गाडी प्रदर्शन, रॅली, दुरुस्ती यांसाठीच रस्त्यावर काढता येते, रोजच्या वापराला नाही. भालकीला लग्नाला जायचे तर ती घरीच. म्हणून मी साधी नोंदणी धरली. दर पाच वर्षांनी तपासणी करून नूतनीकरण करायचे. त्या सगळ्याला चौदा महिने लागले आणि दुरुस्तीसह खर्च गाडीच्या किमतीच्या दुपटीवर गेला. गच्ची झाली नसती तर मला घरात राहता आले नसते.

या चौदा महिन्यांत एक गोष्ट घडत होती. अप्पा चाचांच्या गॅरेजवर जाऊ लागले. आधी "दूध आणायला गेलो होतो" म्हणत. मग चाचांनीच फोडले, "तुमच्या वडिलांनी आज कार्बोरेटर खोलून साफ केला." विकण्याचा विषय मग कुणी काढला नाही.

पुन्हा नेरडीगोंडा

ऑक्टोबर २०२४. दसऱ्याची सुटी. आम्ही कुंटाल्याचा धबधबा पाहायला जायचे ठरवले. अप्पा नाही म्हणाले. मी गप्प बसलो. आमच्या मंडळी पुढे झाल्या. "मावा, नीवू बरलिल्ल अंदर नावू होगोदिल्ल." तुम्ही आला नाहीत तर आम्ही जाणारच नाही. सुनेला अप्पांनी कधी नाही म्हटलेले नाही. मुलीने हात धरला, "अज्जा, नीनू बा." निघताना अप्पांनी माझ्याकडे शंभर पानी वही आणि पेन मागितले. कशाला, ते सांगितले नाही. बीदरच्या पंपावर टाकी तोंडापर्यंत भरून घेतली, किलोमीटरचा आकडा वहीत लिहिला आणि पुढच्या सीटवर बसले.

औराद, देगलूर, बिलोली. येसगीच्या पुलावर मांजरा भरून वाहत होती. बोधनला उसाची आठवण येते. १९३७ साली सुरू झालेला निजाम शुगरचा कारखाना इथलाच, एके काळी आशियातल्या मोठ्यांत गणला जाई, २०१५ पासून बंद आहे. निजामाबाद, आर्मूर, मग सोनच्या पुलावर गोदावरी. मुलीने खिडकीतून नाणे टाकले. निर्मलला लाकडी खेळण्यांच्या दुकानात थांबलो. पोनिकी नावाच्या हलक्या लाकडाची ती फळे, इतकी हुबेहूब की मुलीने पेरूचा वास घेऊन पाहिला. निर्मलच्या पंपावर अप्पांनी पुन्हा टाकी तोंडापर्यंत भरायला लावली. २३२ किलोमीटर, साडेएकोणीस लिटर. वहीत लिहिले. म्हणजे लिटरला बाराला थोडे कमी. "सपाटीला बरोबर आहे," एवढेच म्हणाले.

निर्मल सोडले की चढ लागतो. अप्पांच्या सांगण्यावरून जुन्या रस्त्याने, महबूब घाटाने निघालो. दोन्ही बाजूंना साग, त्यांच्या पंख्यांएवढ्या पानांवर ऊन. तिसऱ्या वळणाच्या पुढे गाडीने आचके दिले आणि बंद पडली. मी घामाघूम. अप्पा शांतपणे उतरले, बॉनेट उघडले, पंचा पाण्यात बुडवून पेट्रोलच्या पंपावर गुंडाळला आणि दगडावर बसून म्हणाले, "धा मिनिटं. चहा असला तर दे." इंजिनाच्या उष्णतेने नळीतच पेट्रोलची वाफ होते, पंपाला ती ओढता येत नाही. गार झाले की आपोआप सुरू. दहा मिनिटांनी पहिल्या सेल्फला इंजिन लागले. मी मागे पाहिले तर आमच्या मंडळी अप्पांकडे अशा पाहत होत्या की मला लग्नानंतर तसे कधी पाहिल्याचे आठवत नाही.

पुढच्या उतारावर अप्पांनी मला सांगितले, "ब्रेकवर उभा राहू नको. ज्या गिअरात चढलास त्याच गिअरात उतर." चारही चाकांना जुने ड्रम ब्रेक. ते तापले की धरत नाहीत. महाविद्यालयात पंचवीस वर्षे शिकवणारा मी, विद्यार्थ्यासारखे "हो" म्हणालो.

नेरडीगोंड्यात शिरताना अप्पा म्हणाले, "मालकाच्या दारात गाडी नेऊ नको." मी तिठ्यावरच्या चहाच्या टपरीपाशी लावली. पाच मिनिटांत मोटारसायकलवर तो नातू हजर. निळी-पांढरी हेराल्ड आल्याची बातमी आमच्या आधी पोचली होती. गाडीभोवती दोन फेऱ्या मारल्या, डोळ्यांत पाणी. मग अप्पांकडे पाहून म्हणाला, "हे?"

या वेळी मी लपवले नाही. "माझे वडील. तुमच्या आजोबांकडे चार वर्षं ही गाडी चालवीत होते."

तो एकदम गप्प झाला. त्याला काही ठाऊक असेल असे वाटले नाही. त्याने वाकून नमस्कार केला. अप्पा क्षणभर तसेच उभे होते. मग विचारले, "तुझी आजी?"

"ती जाऊन बारा वर्षं झाली, काका."

"तिनं मला कधी उपाशी ठेवलं नाही," अप्पा म्हणाले. "जंगलातून रात्री दोनला आलो तरी उठून भाकर द्यायची." बस्स. आजोबांचा विषय त्यांनी काढला नाही आणि त्यानेही विचारले नाही. घरी चला म्हणाला, तर "कुंटाल्याला उशीर होतो" म्हणून अप्पा गाडीत बसले.

कुंटाला तिथून बारा किलोमीटर. कडेम नदी जंगलातून येते आणि टप्प्याटप्प्याने सुमारे १४७ फूट खाली पडते. पुढे ती गोदावरीला मिळते. शकुंतलेवरून नाव पडले असे लोक सांगतात. शिवरात्रीला इथल्या सोमेश्वराला मोठी गर्दी असते. खाली जायला चारशेच्या आसपास पायऱ्या आहेत. पाण्याचा जोर ऑक्टोबरातही इतका की शेजारी उभ्या माणसाचे बोलणे ऐकू येत नाही. एक सूचना मात्र कळकळीने करतो. डोहात उतरू नका. खडक निसरडे आहेत, तळ दिसत नाही आणि इथे जीव गेलेले आहेत. अप्पा वरच, गाडीपाशी थांबले. आम्ही परत आलो तेव्हा ते बॉनेटवर वही ठेवून काहीतरी लिहीत होते. दुसऱ्या दिवशी पोच्चेरा पाहिला, उंचीने कमी पण रुंद आणि शांत. तिथून अप्पांनी आम्हाला आतल्या रस्त्यांनी नेले, जिथून ते सागवानाच्या मोजणीला मालकाला नेत. कच्चा रस्ता, बहुतेक दुसऱ्या गिअरात.

संध्याकाळी महामार्गावरच्या पंपावर टाकी पुन्हा भरली. अप्पा मीटरकडे डोळे लावून उभे. साडेदहा लिटर. वहीत पाहिले, निर्मलपासून ८४ किलोमीटर.

"भागाकार कर," त्यांनी मुलीला सांगितले.

तिने वहीच्या कडेला केला. "एंटु, अज्जा." आठ.

सपाटीला बारा, घाटात आणि जंगलात आठ. अप्पांनी तो आकडा दोनदा वाचला. "हेच मी सांगत होतो," ते म्हणाले. कुणाला म्हणाले, ते कळले नाही. समोर महामार्गावरून ट्रक जात होते. थोड्या वेळाने म्हणाले, "तेव्हाच लिहून ठेवायला पाहिजे होतं. पण वही मालकाकडं असायची."

मी म्हणालो, त्या नातवाला दाखवून येऊ का? त्यांनी मान हलवली. "त्या पोराचं काय त्यात? चल, रात्र व्हायच्या आत घाट उतरू."

अप्पा आता ब्याऐंशीचे झाले. ती वही गाडीच्या खणात असते. गाडी पंपावर गेली की नोंद झालीच पाहिजे, असा घरात नियम आहे. तारीख, किलोमीटर, लिटर, रस्ता कसा होता. अप्पांच्या नोंदी मराठीत, मुलीच्या कन्नडमध्ये. माझ्या नोंदीत लिटर लिहायचे राहिले तर अप्पा मला बोलावून घेतात आणि वही पुढे करतात.